एका मनगटावर दोन वेळा



व्याख्यानांची पत्रिका छापून आली तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "मनगटी घड्याळावर तासभर काय बोलणार?" आम्ही म्हटले, घड्याळात तास बारा असतात, आम्ही त्यातला एकच मागितला आहे. पण त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. घड्याळ ही वस्तू ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला इतकी जवळची आहे, की तिच्याविषयी बोलण्यासारखे काही उरले आहे असे त्याला वाटतच नाही. इथे गाडीला नाव नसते, मिनिट असते. 'आठ-सतराची' म्हटले की कोणती गाडी, कोणता डबा आणि डब्यात कोणती मंडळी हे सारे कळते. तेव्हा मिनिटाची किंमत तुम्हांला सांगावी असा आमचा मुळीच इरादा नाही. आम्ही बोलणार आहो ते दोन वेळा एकदम दाखविणाऱ्या घड्याळाविषयी.

असे एक घड्याळ आमच्या हाती आले, त्याची हकीकत प्रथम सांगतो. आमच्या मनगटावरचे पहिले घड्याळ एच. एम. टी.चे 'जनता'. रोज सकाळी चावी द्यायची आणि स्टेशनातल्या घड्याळाशी ताडून पाहायचे, यापलीकडे त्याची काही अपेक्षा नव्हती, आणि आमचीही त्याच्याकडून नव्हती. पुढे आमचे धाकटे बंधू कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. एकदा ते डोंबिवलीस आले असता त्यांनी आम्हांला एक नवे घड्याळ दिले. मोठ्या तबकडीच्या पोटात एक छोटी तबकडी. मोठीवर आपली वेळ, छोटीवर त्यांची. "आता दादा, हिशेब करायला नको. नुसते पाहायचे आणि फोन करायचा," असे ते म्हणाले.

ते परत गेल्यावर आठच दिवसांनी आम्ही दुपारचा चहा घेता घेता मनगट पाहिले. मोठ्या तबकडीवर साडेचार, छोट्या तबकडीवर चार. आम्ही मनात म्हटले, छान, तिकडेही चहाचीच वेळ आहे. फोन लावला. बराच वेळ घंटा वाजल्यावर बंधूंनी फोन उचलला आणि पहिला शब्द उच्चारला तो "कोण गेलं?" तिकडे पहाटेचे चार वाजले होते. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसाला अपरात्री देशातून आलेल्या फोनचा एकच अर्थ ठाऊक असतो. अक्का ठीक, आम्ही ठीक, सारे ठीक, एवढे पटवून द्यायला पाच मिनिटे लागली, आणि त्या पाच मिनिटांत आम्ही त्या घड्याळाला व स्वतःला पुष्कळ दूषणे दिली.

दोष घड्याळाचा नव्हता, असे म्हणावे तर थोडासा होताही. बारा तासांची तबकडी 'चार' एवढेच सांगते, पहाटेचे की दुपारचे हे सांगत नाही. आपल्या गावात त्याची गरजही नसते, खिडकीबाहेर पाहिले की झाले. पण दुसऱ्या गावची खिडकी आपल्याला दिसत नाही. म्हणूनच वैमानिकांसाठी जी घड्याळे निघाली त्यांत ही दुसरी वेळ चोवीस तासांच्या वर्तुळावर दाखविण्याची युक्ती आली. 1955 च्या सुमारास रोलेक्स कंपनीने पॅन अमेरिकन ह्या विमान कंपनीच्या वैमानिकांच्या उपयोगासाठी 'जीएमटी-मास्टर' नावाचे घड्याळ बाजारात आणले. त्यात नेहमीच्या काट्यांखेरीज एक जादा काटा होता. तो चोवीस तासांत एकच फेरा करी. तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यावर चोवीस तासांच्या खुणा होत्या आणि त्या कड्याचा अर्धा भाग तांबडा, अर्धा निळा होता. तांबडा म्हणजे दिवस, निळा म्हणजे रात्र. पॅन अमेरिकन कंपनी 1991 साली बुडाली, घड्याळाची जात मात्र टिकली. असे कडे आमच्या घड्याळावर असते तर बंधूंची झोप मोडली नसती.

श्रोतेहो, दोन वेळा सांभाळणे ही विमानयुगाने आणलेली नवी कटकट आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. ह्या आपल्या पट्ट्यात ती फार जुनी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि 1854 च्या मे महिन्यात रूळ कल्याणास पोचले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ह्या रुळांवरून माणसे आणि माल यांच्याबरोबर परगावची वेळही आली, हे फारसे कोणी सांगत नाही.

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडच्या गावी मागाहून. कुलाब्यापेक्षा कल्याणास मध्यान्ह सुमारे सव्वा मिनिट अगोदर होते. बैलगाडीच्या काळात ह्या सव्वा मिनिटाला कोण विचारतो? ज्याची त्याची दुपार ज्याच्या त्याच्या डोक्यावर. पण आगगाडीला असे चालत नाही. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटे, मद्रासची 5 तास 21 मिनिटे, कलकत्त्याची सुमारे 5 तास 54 मिनिटे. मद्रासला वेधशाळा होती, तिथून तारायंत्राने वेळ कळविता येई, आणि ती मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या मद्रास वेळेवर चालू लागल्या. म्हणजे गावात दहा वाजत त्या वेळी स्टेशनात साडेदहा झालेले असत! आमची खात्री आहे, की कल्याणच्या बाजारपेठेतून निघालेला कोणी ना कोणी गृहस्थ घड्याळाप्रमाणे वेळेवर पोचूनही फलाटावर गाडीचा धूरच तेवढा पाहात उभा राहिला असेल. त्याला दोन काट्यांचा उपयोग आम्ही सांगायला नको होता.

1881 साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लागू केली. मुंबईकरांनी ती मानली नाही आणि 1883 मध्ये तो हुकूम गुंडाळावा लागला. पुढे 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापुराजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ साऱ्या हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. तीही मुंबईने सुखासुखी घेतली नाही. लोकांना न विचारता त्यांचे घड्याळ पुढे ढकलणारे तुम्ही कोण, हा प्रश्न नगरपालिकेत सर फेरोजशहा मेहतांनी केला. परिणाम असा, की आगगाडी प्रमाणवेळेची आणि शहर मुंबई वेळेचे, दोहोंत 39 मिनिटांचा फरक, हा संसार स्वातंत्र्यानंतरही चालला आणि 1955 साली संपला. कलकत्त्याने आपला हट्ट 1948 सालीच सोडला होता. मुंबईतल्या काही पारशी अग्यारींत प्रार्थनेचे प्रहर अजूनही मुंबई वेळेने पाळतात.

ज्यांच्या घरी जुन्या ट्रंका आहेत त्यांनी आजोबांच्या वेळच्या लग्नपत्रिका काढून पाहाव्या. मुहूर्ताच्या आकड्यापुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे आढळतील. आजच्या मुलांना ती एखाद्या पदवीसारखी वाटतात. पण त्या अक्षरांवाचून केवढा घोटाळा! चोवीस मिनिटांची एक घटिका, म्हणजे 39 मिनिटांत दीड घटिकेहून जास्त काळ जातो. मुंबईचे वऱ्हाड मुंबई वेळेने निघाले आणि कल्याणच्या भटजींनी प्रमाणवेळेने मंगलाष्टके म्हटली, तर अंतरपाट धरायला नवरामुलगा कुठला? त्यात महायुद्धाच्या काळी, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली होती. म्हणजे मुंबई वेळ आणि युद्धवेळ यांत 1 तास 39 मिनिटांचे अंतर! त्या पिढीच्या मंडळींनी हे सारे मनगटावर एकच घड्याळ बांधून, आणि बहुतेकांनी तेही न बांधता, निभावून नेले.

आणि ती जुनी वेळ नाहीशी कुठे झाली आहे? मे महिन्याच्या मध्यास, 15-16 तारखेच्या सुमारास, ठाण्या-डोंबिवलीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी गच्चीवर एक सरळ काठी उभी करा आणि बाराला सावली पाहा. सावली आहे. सव्वाबाराला पाहा, अजून आहे. बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आगेमागे ती काठीच्या बुडाशी गडप होईल. आपली खरी दुपार ती. घड्याळातले बारा हे मिर्झापूरचे बारा. आसामातल्या चहाच्या मळ्यांत याच्या उलट प्रकार आहे. तिथे सूर्य लौकर उगवतो, म्हणून मळेवाले प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली 'बागान वेळ' पाळतात. एकाच देशात, एकाच नकाशावर! असो. बारा वाजणे ही आकाशातली घटना नसून माणसांमाणसांतला करार आहे, एवढे ध्यानात आले म्हणजे एकाच मनगटावर दोन करार बांधायला अवघड वाटत नाही.

आता प्रत्यक्ष घड्याळाकडे वळू, कारण तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे परदेशी आहेत आणि पुष्कळांची इथेच राहून अमेरिकेच्या वेळेवर रात्रीची नोकरी करतात. अशा घरातून दुसऱ्या वेळेचे घड्याळ घेण्याचा विचार होतो. तेव्हा एक धोक्याची सूचना. आपली प्रमाणवेळ साडेपाच तासांची आहे, आणि हा 'साडे' परदेशी घड्याळजीच्या फारसा ध्यानी नसतो. त्या चौथ्या काट्याच्या घड्याळात मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच असतो. तासाचा काटा पूर्ण तासांच्या उड्या घेतो. लंडन आणि पॅरिस यांना हे ठीक, कारण त्यांच्यातले अंतर नेमके एक तास. पण लंडनात दहा तेव्हा मुंबईत साडेतीन, हे त्या काट्याला सरळ दाखविता येत नाही. फिरते कडे अर्ध्या घराने सरकवून ठेवावे, हा एक उपाय. नाहीतर पोटात दोन स्वतंत्र यंत्रे असलेले घड्याळ घ्यावे, त्यात दोन्हीकडचे मिनिटकाटे निराळे असतात. आकडे दाखविणारी घड्याळेही बहुधा हा अर्धा तास जाणतात. दुकानात उभे असतानाच विचारून घ्यावे. सोन्याचा मुलामा मागाहून पाहावा.

आणि ज्यांना दुसरे घड्याळ घ्यायचेच नाही, त्यांना एक गंमत सांगतो. ती दर्यावर्दी मंडळींत जुनी आहे. आपले साधे काट्यांचे घड्याळ आपल्या वेळेला लावलेले असू द्या आणि ते हातात उलटे धरा, म्हणजे सहाचा आकडा वर, बाराचा खाली. आता आकडे न वाचता काट्यांच्या जागा वाचा. ग्रीनिचची वेळ दिसेल! इथे दहा वाजून दहा मिनिटे झाली असतील तर उलट्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटे दिसतात, आणि ग्रीनिचला तेवढेच वाजलेले असतात. मिनिटकाटा अगदी अचूक, तासकाटा अर्ध्या घराने मागे राहतो, तेवढी सवलत त्याला द्यावी. हे का घडते? घड्याळ उलटे केले की सहा तासांचा फरक होतो आणि मिनिटकाटा अर्धे वर्तुळ फिरून त्यातला अर्धा तास परत देतो. साडेपाच झाले! म्हणजे ज्या 'साडे'ने परदेशी घड्याळात आपली पंचाईत केली, त्यानेच आपल्या साध्या घड्याळाला फुकटात दोन वेळांचे करून ठेवले आहे. (सभागृहात आता बरीच मनगटे उलटी झालेली दिसतात. सावकाश करा, शेजाऱ्याला कोपर लागेल.)

मात्र ग्रीनिच म्हणजे लंडन, असे बारमाही समजू नये. तिकडे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यामागे साडेपाचऐवजी साडेचारच तास असते. अमेरिकेत हाच प्रकार मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा, नाहीतर साडेतेरा. आपण घड्याळ हलवीत नाही, तिकडची माणसे हलवितात, आणि दोन्ही देश एकाच दिवशी हलवीत नाहीत. म्हणून मार्चमध्ये दोनतीन आठवडे सगळीच गणिते बिघडतात. आमच्या ओळखीचे एक तरुण गृहस्थ ठाण्यात बसून अमेरिकेचे काम करतात. ते म्हणतात, आमच्या घरी संक्रांत नि पाडवा यांच्यामध्ये एक तिसरा सण येतो, त्या दिवशी जेवणाची वेळ बदलते. दुबईस गेलेल्या कोकणी मंडळींची मात्र चैन, तिथे दीड तासाचा फरक वर्षभर कायम.

प्रवासाविषयी थोडेच सांगतो. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले, तेव्हापासून आपला माणूस एका झोपेत पाचसहा तास हरवू वा कमवू लागला. विमानात बसताच मोठी तबकडी मुक्कामाच्या गावाला लावावी आणि घरची वेळ छोटीवर न्यावी. भूक आणि झोप यांना नव्या वेळेची सवय लागायला तेवढीच मदत होते. फक्त औषधांच्या बाबतीत हे स्वतःच्या बुद्धीने करू नये. मधुमेहाच्या इंजेक्शनाची वेळ कोणत्या तबकडीने धरायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही निवडला, ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमचे ते धाकटे बंधू वारले. आषाढाचा वद्य पक्ष होता. रविवारी सकाळी इथे पूजा आटोपत होती तेव्हा पुतण्याचा फोन आला. मनगटाकडे पाहण्याचे भान त्या वेळी कोणाला असते? त्याने कागदपत्रांसाठी म्हणून नंतर जे लिहून पाठविले त्यात वार होता शनिवार, वेळ रात्रीचे नऊ वीस. आमच्या अक्का डोंबिवलीस असतात. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात तो शनिवार काढला, खाली द्वादशी छापलेली होती, ती पेन्सिलीने गोल केली. त्या दिवसापासून दर वद्य द्वादशीस त्या एकभुक्त राहात आणि भावाच्या आवडीचे काही करून पान बाजूला काढीत.

वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा पुतण्याने तिकडून तिथी विचारली. अक्कांनी द्वादशी सांगितली. योगायोगाने कल्याणचे गुरुजी घरी आले होते. त्यांनी विचारले, "नऊ वीस हे कुठल्या घड्याळाचे?" आम्ही मनगट पुढे केले. उन्हाळ्यातले साडेबारा तास मिळविले, तेव्हा इथले रविवारचे सकाळचे नऊ पन्नास निघाले. द्वादशी तर रविवारी पहाटेच, उजाडण्यापूर्वी संपली होती. गेले त्या क्षणी त्रयोदशी होती.

अक्का म्हणाल्या, "ती तुमची इथली त्रयोदशी. तो तर तिकडे गेला, तिकडे शनिवारच होता ना?" आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. गुरुजींनी जे समजावून सांगितले ते तुम्हांलाही उपयोगी पडेल. तारीख ही घड्याळाची आहे, ती प्रत्येक गावच्या मध्यरात्री बदलते. तिथी ही चंद्रसूर्यांची आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी संपते, आणि तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच असतो. डोंबिवलीत रविवारी पहाटे चार वाजता द्वादशी संपली, म्हणजे कॅलिफोर्नियातही ती तेव्हाच संपली, फक्त तिथल्या घड्याळात शनिवारचे दुपारचे साडेतीन वाजले होते. कोणत्या दिवसाला कोणत्या तिथीचे नाव द्यायचे, ते त्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. म्हणून तिकडचे सणवार कधी कधी आपल्याहून एक तारीख आधी येतात. पण जाण्याच्या क्षणाची तिथी एकच. इथे बसून गेले म्हणा, तिथे बसून गेले म्हणा, त्रयोदशीलाच गेले.

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे अकरा महिने मी भलत्याच दिवशी उपाशी राहिले?" गुरुजी म्हणाले, "अक्का, तुम्ही राहिलात ते पोचलेच. पुढचे त्रयोदशीला करा." शास्त्राचा आधार काढायला त्यांनी पोथी उघडली नाही, आणि आम्ही तो मागितलाही नाही.

वर्षश्राद्ध त्रयोदशीस झाले. पुतण्याने तिकडे आपल्या पंचांगाने केले, आम्ही इथे आपल्या. त्या दिवशी अक्कांनी आमचे ते दोन तबकड्यांचे घड्याळ मागून घेतले आणि देवघराशेजारच्या खुंटीला टांगले. छोटी तबकडी तशीच ठेवा, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरात तेवढी येऊन हलवून द्या, असे आम्हांला सांगितले. पुतण्याला फोन करायचा असला की आता त्या आम्हांला विचारीत नाहीत. बारा तासांच्या त्या तबकडीखाली त्यांनी खडूने दोन शब्द लिहून ठेवले आहेत, 'दिवस' आणि 'रात्र', आणि रोज सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना त्यांतला एक पुसून दुसरा लिहितात.